नख लागलं

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर, डोंगरात. तिथं कुत्र्यानं माणसाला काहीही केलं तरी आम्ही एकच शब्द वापरायचो, फोडलं. दात रुतवला तरी फोडलं. नखानं नुसतं ओरबाडलं आणि रक्ताचा थेंब दिसला, तरी फोडलंच. "धाकटीला कुत्र्यानं फोडलं" असं कुणी ओरडलं की माणसं हातातलं काम टाकून उठायची. कुठं, किती, ते मागाहून बघायचं. आधी उठायचं.

लग्न होऊन मी बुलढाणा जिल्ह्यात आले, अमडापूरच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या जवळच्या एका गावात. माझा नवरा आमच्या भागात रस्त्याच्या कामावर मशीन चालवायला आला होता, तिथून हे जमलं. माहेर आता इतकं लांब झालंय की निघालं की दिवस गाडीतच मावळतो आणि गाडीतच उजाडतो. शिक्षण माझं सातवी. पुढची शाळा ओढ्यापलीकडं होती. आठवीला पहिल्याच पावसाळ्यात इतके दिवस घरी राहिले, की ओढा उतरल्यावर परत वर्गात जायची लाज वाटली. मग गेलेच नाही. तेव्हापासून मला शब्दांची भीती वाटते. कागदावरच्या तर वाटतेच, नव्या माणसांच्या तोंडातल्यांचीही वाटते. आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि सगळे मान वळवून बघतील, ही धास्ती माझ्या अंगातच आहे.

ती खरीही झाली. नवीन असताना, पहिल्याच महिन्यात, शेजारच्या आजोबांना कुत्रं चावलं. मी धावत घरात आले आणि म्हणाले, "आजोबांना कुत्र्यानं फोडलं!" सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. माझे दीर ओसरीवर चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "काऊन वहिनी, तुमच्या इकडचे कुत्रे नारय फोडतात काय वो?"

सासूबाई इतक्या हसल्या की पदर डोळ्याला लावावा लागला. मीही हसले. पुढं महिनाभर मी विहिरीवरून आले की भाऊजी विचारायचे, "वहिनी, आज काय फोडलं?" त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. या घरातलं कुणी मला कधी टोचून बोललं नाही. बाळंतपणात माझ्या केसांचा गुंता सासूबाईंनी स्वतः बसून सोडवला, आईनंही इतक्या हळू सोडवला नसता. पण त्या दिवसापासून तो शब्द मी तोंडातून काढला नाही. माहेरचे आणखीही बरेच शब्द असेच एकेक करून आत ठेवून दिले. 

इथं चावणं वेगळं आणि नख लागणं वेगळं. दात लागला तर दवाखाना, नख लागलं तर हळद. आणि शब्द बघा, नख "लागतं". जसं ऊन लागतं, ठेच लागते, चटका लागतो. कुत्र्यानं काही केलं असं त्या बोलण्यात येतच नाही. नख तिथं होतं, तुम्ही तिथं होता, लागलं. पोरांच्या हातापायांवर दहा रेघा असतात, आई विचारते काय झालं, पोरगं म्हणतं नख लागलं, आणि विषय संपतो. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटायचं. आमच्याकडच्या शब्दानं काळजात धस्स व्हायचं, इथल्या शब्दानं होत नव्हतं.

कुत्र्याच्या नखांना इथं मान मात्र मोठा. शेतात रात्रंदिवस रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येतात, उभं पीक तुडवून जातात. त्यामुळं शेतावर ठेवायचं कुत्रं पारखूनच घेतात, आणि पारख नखांवरून करतात. साध्या कुत्र्याला नखं अठरा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. पण एखाद्या पिलाला मागच्या पायांनाही वरच्या बाजूला एकेक जास्तीचं नख असतं, सैल, लोंबतं. भाऊजी त्याला आंगठा म्हणतात. अशा वीस नखांच्या कुत्र्याला वीसनख्या म्हणायचं. वीसनख्या डुकराला भीत नाही, वाघाच्या वासानंही मागं सरत नाही, असं सगळे सांगतात. डुकराशी भिडलेला वीसनख्या मी अजून बघितला नाही. सांगणारे मात्र पुष्कळ बघितले.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना, हरभरा घोट्याइतका झाला होता तेव्हा, भाऊजी एक पिलू घेऊन आले. तांबूस, कानाशी काळं, पोट टम्म. कुणाच्या तरी पडक्या गोठ्यात मोकाट कुत्री व्याली होती, तिथून उचलून आणलेलं.

"पाहा वहिनी, वीसनख्या हाये! मोजून आणला."

सासूबाई म्हणाल्या, "तू मोजले? तुले आपल्या बैलाचे शिंगं मोजता येत नाहीत. आण इकडे."

त्यांनी पिलू मांडीवर उताणं धरलं आणि एकेक पाय उलगडून मोजलं. मग परत मोजलं. म्हणाल्या, "एकोणीस भरतात."

खरंच होतं ते. मागच्या एका पायाला आंगठा होता, दुसऱ्याला नुसता फुगवटा. भाऊजी म्हणाले, "निघून राह्यलं ना आई ते दुसरं. बारीक हाये अजून."

"नख काय दुधाचा दात हाये, मागून यायले?"

भाऊजींनी हट्ट सोडला नाही. येईल म्हणाले, आणि रोज संध्याकाळी शेतातून आले की आधी तो पाय चाचपून बघायचे. माझी मुलगी त्यांच्याकडं बघून शिकली. अंगणवाडीत नुकते अंक शिकवले होते. ती पिलाचा पाय धरून बसायची आणि मोठ्यानं मोजायची, "तेरा, चौदा, सोळा." पंधरा तिच्याकडून नेहमी निसटायचे. त्यामुळं तिच्या हिशोबानं आमचं कुत्रं कधीच वीसनख्या झालं होतं.

महिन्याभरानं एके सकाळी पिलू कोपऱ्यात पोत्यावर पडून होतं. टाकलेल्या भाकरीला तोंड लावलं नाही. पोत्याचा काठ मात्र दातात धरून चावत बसलेलं, आणि हनुवटी सगळी ओली. मी चुलीपुढं होते. मुलगी मोजायला गेली. तिनं मागचा पाय ओढला असेल. एकदम किंचाळलीच. मी बाहेर आले तर तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत दोन लांब रेघा, आणि एका रेघेतून रक्त ओघळत होतं.

सासूबाई माझ्या आधी पोचल्या. "काऊन रडून राह्यली वं माय? दाखव. दात तं नाही लागला?" त्यांनी हात उजेडात धरून सगळीकडून बघितला. दाताचा व्रण कुठंच नव्हता. "नखच लागलं. होते बरं." डब्यातली हळद आणून त्यांनी दोन्ही रेघांवर दाबली, मुलीला गूळ दिला, आणि ती गप्प झाली.

मी गप्प झाले नाही. म्हणजे बाहेरून झाले. आत काहीतरी खुपत राहिलं. ते पोतं चावणं मला बरं वाटलं नव्हतं. दुपारी भीत भीत म्हणाले, दवाखान्यात दाखवून आणू का? मला वाटलं हसतील. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जाय बाई. तुह्या जिवाले घोर नको."

दवाखान्यात खिडकीपुढं रांग होती. माझ्या मागंच आमच्या गल्लीतल्या दोघी उभ्या. माझा नंबर आला, आतल्या माणसानं विचारलं, "काय झालं?"

माझ्या जिभेवर आमचा शब्द आला होता. फोडलं. अगदी दाताशी आला होता. पण मागच्या दोघींची चाहूल लागली, नारळ आठवला, आणि मी तो गिळला. इथल्या माणसांसारखं, इथल्या सुरात म्हणाले, "नख लागलं."

"कशाचं?"

"कुत्र्याच्या पिलाचं."

"चावलं तं नाही?"

"नाही."

त्यानं लिहिलं. आतल्या बाईंनी हळद न काढताच वरून औषध फिरवलं, मलम दिलं, झालं. मी त्या माणसाला बोल लावत नाही. त्याच्यापुढं चाळीस माणसं होती, आणि त्यानं विचारायचं ते विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं. पिलू काही खात नाही, पोतं चावतंय, तोंडातून लाळ गळतेय, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि परत येताना मला बरं वाटत होतं. काळजी मिटली म्हणून नव्हे, ती मिटली नव्हतीच. चार लोकांपुढं न अडखळता त्यांच्यासारखं बोलता आलं म्हणून. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण जे होतं ते होतं.

पाचव्या दिवशी पिलू मेलं. आधी मागचे पाय ओढत चालायला लागलं, मग उठेनाच. भाऊजींनी ते बांधाच्या कडेला पुरलं. घरी येऊन हात धुतले आणि म्हणाले, "थंडीनं मेलं." सासूबाई म्हणाल्या, "एकोणीसच होते ना. तेच तं."

त्या दिवशी मी मुलीला नजरेआड होऊ दिलं नाही. मुलगी हसत खेळत होती, हातावरच्या रेघा सुकून पिवळ्या पडल्या होत्या. कुणाला सांगू आणि काय सांगू? नवरा लांब रस्त्याच्या कामावर होता, फोनवर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दवाखान्यात दाखवलं ना तू? मग झालं." दवाखान्यात दाखवलं होतं, खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लहान बाळांना डोस द्यायला उपकेंद्राच्या सिस्टर आल्या होत्या. बायका बाळं घेऊन बसलेल्या, रडारड चाललेली. मी मुलीला कडेवर घेतलं आणि गेले. साडेचार वर्षांची पोर कडेवर, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. बायकांना वाटलं ही मोठ्या पोरीला डोस द्यायला आली. मी उंबऱ्यात उभी राहिले. काय बोलायचं ते घरातून ठरवून आले होते, पण तोंड उघडलं तेव्हा ठरवलेलं काही आलं नाही.

"सिस्टर, हिला कुत्र्यानं फोडलं."

एक बाई फिसकन हसली. "फोडलं म्हणे!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मान वर केली. "कधी?"

"आज सहावा दिवस."

"कुठं हाये कुत्रं?"

"काल मेलं."

"दात लागला का नख?"

"नख."

"रक्त निघालं होतं?"

"निघालं होतं."

त्या उठल्या. मघाची बाई म्हणाली, "नखच तं लागलं सिस्टर. नखाले कुठं जहर असते?"

"कुत्रं दिवसभर काय करते वं?" सिस्टरांनी तिला विचारलं. "पंजे चाटते का नाही? मंग त्याच्या तोंडातलं त्याच्या नखाले लागत नाही काय? दात काय अन् नख काय, एकाच कुत्र्याचे."

एवढं साधं होतं ते. मी रोज बघत होते, पिलू पोत्यावर पडून आपले पाय चाटत बसायचं. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. नखं मोजली होती, आणि पिलू ती चाटतंय हेही बघितलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मध्ये तो शब्द उभा होता.

सिस्टरांनी आम्हाला हापश्यावर नेलं. साबण लावून, पाण्याची धार धरून, किती तरी वेळ तो हात धुवायला लावला. हळदीची खपली भिजून निघाली, खालची जखम लाल दिसायला लागली, मुलगी आकांत करत होती. "हे त्याच दिवशी, त्याच घडीले करायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता उशीर झाला म्हणून नाही करायचं असं नाही." हापसा मी मारत होते.

"अजून कोण खेळत होतं त्याच्यासंग?"

मला भाऊजी आठवले. रोज संध्याकाळी तो पाय चाचपणारे. त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला बारीक रेघा होत्या, मी जेवण वाढताना बघितल्या होत्या.

त्याच दिवशी भाऊजींनी आम्हा दोघींना मोटरसायकलवर घालून नेलं. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात झालं, आणि जखमेत द्यायचं दुसरं औषध तिथं नव्हतं म्हणून पुढं बुलढाण्याला जावं लागलं. सिस्टरांनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं, मला काहीच बोलावं लागू नये असं. तो कागद मी रस्ताभर मुठीत धरला होता. उतरले तेव्हा घामानं अर्धी अक्षरं पसरली होती, पण वाचता आली.

तिथल्या डॉक्टरांनी भाऊजींचाही हात बघितला. भाऊजी म्हणाले, "मले काही नाही साहेब. मले तं नखच लागलं."

"हिलेही नखच लागलं हाये," डॉक्टर म्हणाले. "बाही वर करा."

शेतात एकटे डुकरांमागं धावणारे माझे दीर सुई बघून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मुलीच्या जखमेभोवती औषध टोचलं तेव्हा मी तिचा हात दोन्ही हातांनी दाबून धरला होता. ती मला "आई सोड, आई सोड" म्हणत होती, आणि मी सोडत नव्हते. त्या आवाजाबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही.

मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि शेवटचं अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही तारीख चुकवली नाही. आदल्या दिवसापासूनच माझा जीव थाऱ्यावर नसायचा, गाडी मिळेल का, औषध असेल का. सिस्टर दर वेळी आधी फोन करून सांगायच्या, "या, हाये." एकदा मी त्यांना म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू? त्या म्हणाल्या, "उपकार काय त्यात. तुम्ही फोडलं म्हटलं म्हणून मी वर पाहिलं. नख लागलं म्हणत तं दिवसातून चार जणी येतात." मग म्हणाल्या, "आता त्या चौघींकडेही पाहीन म्हणा." शेवटच्या इंजेक्शनच्या आधीच त्यांची बदली झाली. मी आणलेलं लोणचं तसंच परत घरी आलं. 

ते पिलू कशानं मेलं ते कुणालाच माहीत नाही. पुरलेलं कुणी उकरून तपासलं नाही. कदाचित थंडीनंच मेलं असेल. मी डॉक्टरांना विचारलं होतं, आता काही भीती नाही ना? ते म्हणाले, सगळी इंजेक्शनं वेळेवर घ्या, मग भ्यायचं कारण नाही. पण बुलढाण्याच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्या गावातल्या कुणाची तरी गोष्ट सांगितली होती. त्या माणसाला पाणी बघवत नव्हतं म्हणे. तांब्या समोर धरला की थरथरायचा. आणि हे सगळं कुत्रं चावल्यावर महिन्यांनी. 

ते माझ्या डोक्यातून निघेना. मुलीनं पाणी मागितलं की मी हातातलं टाकून बघत बसायची. पेला तोंडाला लावते का, घोट गिळते का, मध्येच थांबते का. ती दर वेळी गटागट प्यायची, हनुवटीवरून फ्रॉकवर सांडायची, आणि मला श्वास यायचा. नवरा फोनवर आधी मुलीचं नाव घ्यायचा, मग विचारायचा, "पाणी प्याली?" मी त्याला ती गोष्ट कधी सांगितली नव्हती. कुणी सांगितली असेल, कुणास ठाऊक. एकदा मी शेतातून लवकर आले तर सासूबाई तिच्यापुढं पेला घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. "पे माय, अजून एक घोट." तहान नसताना. मला बघून त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ऊन पडून राह्यलं ना, म्हणून म्हटलं." मी म्हणाले, हो. त्यानंतर ती पाणी प्यायली की आम्ही एकमेकींकडं बघायचो.

हरभरा निघाला, होळी झाली, ऊन चढलं. सासूबाईंनी नवा माठ आणला.

एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मुलगी बाहेरून पळत आली, आत गेली, परत बाहेर पळाली. मी खडा शोधत होते, मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं उठून आत गेले तर माठावरचं झाकण तिरकं होतं आणि पेला जमिनीवर आडवा पडला होता, ओला. खाली पाण्याचं लहानसं थारोळं. ती पाणी पिऊन गेली होती, आणि मी बघितलंच नव्हतं.

मी पेला उचलला, पालथा घातला, आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसले.